मोबाइलवर चित्रं काढत बसला म्हणून नापास झाला?

दादर-परळ भागात समुपदेशन करताना एक तक्रार मी सतत ऐकते. मूल हुशार होतं, दहावीला चांगले मार्क होते, मग कुठंतरी गाडी घसरली. कॉलेज बदललं, वर्ष गेलं, आता दिवसभर मोबाइलवर नाहीतर टॅबलेटवर चित्रं काढत बसतं. 'या चित्रांनी पोराचं वाटोळं केलं, तेवढं खूळ काढा डोक्यातून' म्हणून आई-वडील त्याला माझ्यासमोर आणून बसवतात. हे निदान मी कधीच जसंच्या तसं मान्य करत नाही. आधी काय घडलं आणि मागून काय आलं, हे नीट मांडून बघितल्याशिवाय कुणावरही खापर फोडू नये. बऱ्याच घरांत हा क्रम उलटा लागलेला असतो.

ओंकारची गोष्ट त्यासाठीच सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याच्या घरच्यांची संमती आहे.

घोडपदेवच्या एका चाळीत राहणारं कुटुंब. वडील पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचे, आता फ्लेक्स बसवायच्या कामावर जातात. आई पोळी-भाजीचे डबे करते. ओंकार एकुलता एक, तेव्हा वीस वर्षांचा. आई पहिल्यांदा एकटीच आली होती. इंजिनिअरिंग कॉलेजातून तिच्या फोनवर मेसेज आला होता की मुलानं परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही. पोरगा तर रोज सकाळी सातला पाठीला बॅग लावून, डबा घेऊन निघत होता. वर्षभर! "मॅडम, तो जातो कुठं, एवढंच विचारा त्याला. मला सांगत नाही," असं म्हणून ती रडायला लागली.

तो कुठं जायचा हे त्यानं मला दुसऱ्या भेटीत सांगितलं. कॉटन ग्रीनहून हार्बर लाइनची लोकल पकडायची, पनवेलला उतरायचं, तीच गाडी धरून परत यायचं. कॉलेजचा पास होताच. खिडकीजवळ जागा मिळाली की फोनवर समोरच्या माणसांची चित्रं काढायची. त्यानं फोन माझ्या हातात दिला. उभ्या उभ्या डुलकी घेणारा माणूस, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन वाटाणे सोलणारी बाई, दारात लटकलेली कॉलेजची पोरं. आयबिस पेंट नावाच्या अ‍ॅपवर सगळं बोटानं काढलेलं. फोन जुना असल्यामुळे चार-पाच लेयरच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या चित्राच्या थरांच्या, वर गेलं की अ‍ॅप बंद पडायचं. मग एक भाग पूर्ण झाला की लेयर एकत्र करून टाकायचा आणि पुढं जायचं, म्हणजे चुकलं तर मागं येता येत नाही. ती चित्रं खरंच चांगली होती. पण तेव्हा मी तसं म्हटलं नाही. त्या घडीला त्याला शाबासकीची गरज नव्हती, आणि वर्षभराच्या खोटेपणावर पांघरूण घालणं तर मला अजिबात मान्य नव्हतं.

आधी मी त्याला सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?" पालकांना हा प्रश्न ऐकूनही धसका बसतो, पण विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो असं होत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. ओंकार म्हणाला, "कधीकधी येतो विचार." पहाटे चारपर्यंत झोप नाही, जेवणावरची वासना उडालेली. पुढचं सगळं बाजूला ठेवून मी त्याला केईएम रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवलं. काही महिने औषधं चालली. अशा अवस्थेतल्या मुलाशी करिअरवर चर्चा करत बसू नये, हे मी सगळ्याच पालकांना कळकळीनं सांगते. आधी झोप, जेवण, जीव. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६ हा तिचा नंबर घरात माहीत असू द्या.

तब्येत सावरायला लागल्यावर आम्ही एक काम केलं. मोठा चार्ट पेपर घेतला, त्यावर आडव्या तीन ओळी आखल्या. पहिलीत शाळा-कॉलेजात काय झालं, दुसरीत घरात काय झालं, तिसरीत चित्रांचं काय झालं. वर्षं वर लिहिली आणि भरायचं काम त्याच्याकडं दिलं.

२०१९ ला दहावी, ८४ टक्के, मराठी माध्यमातून. चित्रांच्या ओळीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड. अकरावीला सायन्स, तेही सगळं इंग्रजीतून. पहिल्या सहामाहीतच फिजिक्स आणि गणित डोक्यावरून जायला लागलं, पण वर्गात हात वर करून विचारायची लाज. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. घरच्या ओळीत त्यानं लिहिलं : 'डबे बंद, पप्पांचं काम बंद, फोन एकच.' त्याच फोनवर बारावीची लेक्चर्स. आवाज बंद करून ठेवायचा आणि मागे चित्रं काढायची. २०२१ ला बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावी, अकरावी आणि बारावीचे गुण ३०, ३० आणि ४० टक्के या प्रमाणात धरून निकाल लागला. दहावीच्या मार्कांनी ओंकारला वर ओढलं. घरी पेढे आले. दोन वर्षांत त्याला काहीच समजलेलं नाही, ही गोष्ट त्या निकालाखाली झाकली गेली.

मग सीईटी, नवी मुंबईत इंजिनिअरिंगला प्रवेश, फीसाठी पप्पांनी पतपेढीतून काढलेलं कर्ज. पहिल्या वर्षाला गणित, मेकॅनिक्स आणि फिजिक्स तिन्हींत केटी, म्हणजे नापास, विषय पुन्हा द्यायचे. पास झालेल्या विषयांत सर्वांत जास्त मार्क इंजिनिअरिंग ग्राफिक्सला! पुढच्या वर्षी तो वर्गात गेलाच नाही.

तक्ता भरून झाला तेव्हा तिसरी ओळ बघण्यासारखी होती. नववी-दहावीत तुरळक नोंदी, अकरावीच्या दिवाळीनंतर दाटी, लॉकडाऊनमध्ये गच्च. अभ्यास आधी सुटला होता, चित्रं मागून वाढली होती. सायन्स घेतानाच त्याचा पाय घसरला होता. माध्यम बदललं, ते कुणी ओळखलं नाही, आणि नंतर कबूल करायची सोय उरली नाही. जिथं काही जमत नव्हतं तिथून उठून तो जमणाऱ्या एकाच जागी जाऊन बसायचा. फोन काढून घेतला असता तर गणित आलं नसतं, एवढं मात्र नक्की. हा तक्ता आई-वडिलांसमोर ठेवायचा आणि वर्षभराचं खोटं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असं आमचं ठरलं. त्यानं सांगितलं. आई गप्प बसली. वडील उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले.

वडिलांशी झालेलं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाची चित्रं बघायलाही ते तयार नव्हते. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मला चित्रकलेचा राग नाही. माझं पोट तिनंच भरलं, आणि तिनंच मला रस्त्यावर आणलं." लालबाग-परळमधली कितीतरी दुकानं त्यांच्या हातच्या अक्षरांनी ओळखली जायची. मग कॉम्प्युटरवर छापलेले फ्लेक्स आले. दोन दिवसांचं काम तासाभरात, तेही निम्म्या पैशांत. ज्या हातानं अक्षर काढलं, त्याच हातानं ते आता परांचीवर चढून दुसऱ्याचा फ्लेक्स बांधतात. मुलाच्या चित्रांना विरोध करणाऱ्या बापाला कलेतलं काही कळत नाही असं आपण पटकन धरून चालतो. इथं बापाला सगळं कळत होतं, म्हणून तर तो घाबरला होता.

त्यांनी विचारलं, "आता तर कॉम्प्युटर सांगेल तसं चित्र स्वतःच काढतो म्हणे. मग याचं काय होणार?" हा प्रश्न आजकाल प्रत्येक पालक विचारतो आणि तो रास्त आहे. एआयमुळे साध्या जाहिरातींची, पोस्टरची कामं कमी होतील ही भीती मी खोडून काढली नाही. खात्री देणं माझ्या हातात नव्हतं. मी एवढंच म्हटलं की नुसतं अ‍ॅप चालवता येणाऱ्या मुलाला धोका जास्त. ज्याचा हात आणि डोळा तयार आहे, ज्याला समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारता येतं, त्याला निदान उभं राहायला जागा असते. म्हणून शिक्षण हवं, पण ते हात-डोळा तयार करणारं हवं.

त्याच बैठकीत ओंकारनं एका मंडळासाठी केलेलं गणपतीचं पोस्टर उघडलं. वडिलांनी चष्मा लावला, खाली वाकून पाहिलं. "'श्री'ची वेलांटी बघ, अक्षराच्या डोक्यावर पडतेय. शिरोरेषा एवढी जाड ठेवलीस, मग खालचं अक्षर गुदमरणार नाही तर काय!" माझ्या टेबलावरचं पेन उचलून त्यांनी माझ्याच वहीत 'श्री' काढून दाखवला. मग अक्षरांसाठी नावाजलेल्या कमल शेडग्यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती कशा कापून ठेवायचे, ते सांगत बसले. सुलेखनकार आर. के. जोशींनी केलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट वर्षानुवर्षं आपल्या कॉम्प्युटरवर आहे, 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केले, हे मी सांगितलं तर दोघांनाही नवल वाटलं. ओंकार ते फॉन्ट रोज वापरत होता. ते कुणी बसून काढले असतील हा विचार त्याच्या मनात आला नव्हता. बाप-लेकाचं एका भेटीत सगळं जुळलं असं मुळीच नाही, पुढंही खटके उडाले. पण घरात या कामाबद्दल बोलणं सुरू झालं.

आता रस्त्यांबद्दल, कारण पालकांना इथं खरी माहिती हवी असते. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) हा चित्रकलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यासाठी राज्याची चित्रकलेची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. फोनवर कितीही सुंदर काढणारं मूल कागद-पेन्सिलीच्या या परीक्षेत अडखळतं, त्यामुळे सराव हातानंच करायचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, तिथं जायचं स्वप्न सगळ्यांचंच असतं. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी त्यांच्याकडूनच तपासून घ्या. आयआयटी मुंबईच्या बी.डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा असते, पण तिला बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली लागते. मधे वर्षं गेलेल्या मुलांना ते दार बहुतेक बंद झालेलं असतं. बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. ती द्याच. कला हातात असली की कागद लागत नाही असं मुलं ऐकवतात, मी त्यांच्याशी सहमत नाही. बारावीचा कागद नसला की पुढची निम्मी दारं विचारायच्या आधीच बंद होतात.

अ‍ॅनिमेशनच्या खासगी क्लासेसबद्दल मात्र सावध राहा. काही चांगले आहेत, पण लाखो रुपये फी आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' ऐकून सही करू नका. मागच्या बॅचच्या मुलांचं काम बघायला मागा, शिकवणारा माणूस स्वतः कुठं काम करतो ते विचारा, मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतात ते लेखी घ्या.

ओंकारनं दादरच्या एका सरांकडे वस्तुचित्राचा सराव केला आणि २०२४ ला सीईटी दिली. जे. जे. मिळालं नाही. उपनगरातल्या एका कला महाविद्यालयात जागा मिळाली. आईनं भिशीच्या पैशातून तीन-चार हजारांचा पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेननं चित्र काढायची पाटी, घेऊन दिला. चाळीतल्या एका काकांचा जुना कॉम्प्युटर मिळाला, त्यावर तो क्रिता हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. गणपती-नवरात्रात मंडळांची पोस्टरं करतो. सुरुवातीला दोन ठिकाणी पैसे बुडाले. आता निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडत नाही, आणि कर्जाच्या हप्त्याला थोडा हातभार लावतो. अक्षरं वडिलांना दाखवूनच पुढं पाठवतो.

प्रवेशाच्या वेळी एक अडचण आली होती, ती मुद्दाम सांगते. आधीच्या कॉलेजनं मूळ मार्कशीट आणि दाखला अडवून ठेवला होता. 'उरलेल्या वर्षांची फी भरा, मग देतो' म्हणाले. मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडवून ठेवू नयेत अशा यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च व तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या दोन्ही केंद्रीय संस्थांच्या सूचना आहेत. तोंडी भांडत बसण्यापेक्षा त्यांचा हवाला देऊन लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची, तंत्रशिक्षण संचालनालयाला प्रत पाठवायची. तसं केल्यावर कागद मिळाले. कॉलेज सोडायचं ठरलं असेल तर हे काम पहिल्या आठवड्यात करा. प्रवेशाची तारीख तोंडावर आल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

ओंकार आता दुसऱ्या वर्षाला आहे. पदवी हातात येईल तेव्हा तो पंचविशीत असेल, आणि 'त्याच्या बरोबरीची मुलं नोकरीला लागली' ही आईची काळजी मिटलेली नाही. सबमिशनच्या आठवड्यात त्याची झोप अजून बिघडते. तेव्हा तो आईला सांगतो आणि स्वतःच मला फोन करून वेळ घेतो.