‘खडाजंगी उडाली’ असे केव्हा लिहावे? पत्रकार परिषदेतील वादाचे शब्द

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, निवडणुकीच्या दिवसांत पत्रकार परिषदेत उमेदवार आणि पत्रकार यांच्यात वाद झाला की बातम्यांमध्ये ‘खडाजंगी’, ‘शाब्दिक चकमक’, ‘बाचाबाची’, ‘राडा’ हे शब्द अदलून-बदलून येतात. ते समानार्थी मानावेत काय? त्यांनी एक मथळाही पाठवला आहे: ‘पत्रकार परिषदेत खडाजंगी, उमेदवाराने पत्रकारांना धारेवर धरले’. त्यांच्या सांगण्याप्रमाणे घडले ते असे. एका महिला पत्रकाराने प्रतिज्ञापत्रातील मालमत्तेच्या आकड्यांविषयी प्रश्न विचारला, उमेदवाराने ‘तुम्ही कोणत्या पेपरच्या?’ असे उलट विचारले, मग आवाज चढवला आणि उत्तर न देताच ते उठून गेले. अशा प्रसंगी ‘धारेवर धरणे’ हा वाक्प्रचार उमेदवाराच्या बाजूने वापरता येतो काय, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

हे शब्द समानार्थी नाहीत. पाठवलेल्या मथळ्यात व्याकरणाची चूक एकही नाही, आणि तरीही तो वाचकाला घडलेल्या गोष्टीपेक्षा वेगळीच गोष्ट सांगतो. ते कसे होते हे पाहण्यासाठी या शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे आधी लक्ष द्यावे लागते.

खडाजंगी ‘होते’ किंवा ‘उडते’. चकमक ‘उडते’ किंवा ‘झडते’. खटका ‘उडतो’, बाचाबाची ‘होते’, आणि दोघांमध्ये ‘जुंपते’. यांपैकी कोणत्याही शब्दाला कर्ता सहजासहजी जोडता येत नाही. ‘उमेदवाराने खडाजंगी केली’ हे वाक्य मराठी कानाला लगेच खटकते. ‘उमेदवार आणि पत्रकार यांच्यात खडाजंगी झाली’ हेच स्वाभाविक वाटते. म्हणजे हा शब्द निवडताक्षणी वाक्यातून ‘कोणी केले’ हा भाग गळून पडतो आणि ‘यांच्यात’ या एका शब्दाने दोन्ही पक्ष सारखेच भांडखोर ठरतात. ‘जुंपली’ या क्रियापदात तर ही समानता उघडच दिसते, कारण जुंपायला एका जोखडाखाली दोन बैल लागतात. ‘धक्काबुक्की’ हा शब्द या दृष्टीने फार बोलका आहे, कारण तो दोन्ही प्रकारे चालतो. ‘पत्रकाराला धक्काबुक्की केली’ या वाक्यात एक मारणारा आणि एक मार खाणारा आहे. ‘दोघांत धक्काबुक्की झाली’ या वाक्यात दोघांनीही हात उगारलेला आहे. एका ‘केली’ आणि ‘झाली’ने घटनेचा दोष एका माणसावरून दोघांवर विभागला जातो, आणि बातमी लिहिणाऱ्याला ते अनेकदा जाणवतही नाही.

या शब्दांपैकी बरेचसे रणांगणावरून आलेले आहेत. ‘खडाजंगी’तला ‘जंग’ फारसीतला, म्हणजे युद्धच. आरोपांच्या ‘फैरी’ झडतात, त्यातली फैर इंग्रजी ‘फायर’पासून मराठीत आली. ‘चकमक’ तुर्की भाषेतून आली. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडण्याची गारगोटी, आणि पुढे दोन सैन्यांच्या तुकड्यांमध्ये झालेली छोटी लढाई. ‘शाब्दिक चकमक’ हा प्रयोग त्यामुळे मला पुष्कळ नेमका वाटतो. त्यात दोन कठीण वस्तू एकमेकींवर आपटतात, क्षणभर ठिणग्या उडतात आणि प्रकरण तेवढ्यावर थांबते. मात्र गारगोटीवर पोलाद आपटल्याखेरीज ठिणगी पडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी तोडीस तोड शब्द आलेले असतील, तरच चकमक म्हणावे.

या भेदाचा कस पाहण्यासाठी जगभर पाहिला गेलेला एक प्रसंग घेतो. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डब्यूक या गावी २५ ऑगस्ट २०१५ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांची पत्रकार परिषद होती. युनिव्हिजन या अमेरिकेतील स्पॅनिश भाषेच्या वाहिनीचे पत्रकार होर्हे रामोस यांनी आपला क्रमांक पुकारला जाण्याआधीच उभे राहून स्थलांतरितांविषयीच्या धोरणावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. ट्रम्प यांनी त्यांना खाली बसायला सांगितले, रामोस बोलत राहिले, आणि एका सुरक्षारक्षकाने त्यांना सभागृहाबाहेर नेले. काही वेळाने त्यांना परत येऊ दिले गेले, आणि मग दोघांमध्ये त्याच विषयावर बराच वेळ सवाल-जवाब झाले. आता या सगळ्याला ‘ट्रम्प-रामोस खडाजंगी’ म्हटले तर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्यासारखे होते. पहिल्या टप्प्यात रामोस यांनी ‘क्रम मोडून प्रश्न लावून धरला’. दुसऱ्यात त्यांना ‘बाहेर काढण्यात आले’, आणि येथे चकमक-खडाजंगीचा काही संबंध नाही, कारण एका बाजूकडे सुरक्षारक्षक होता आणि दुसरीकडे फक्त प्रश्न. तिसऱ्या टप्प्यात मात्र दोघेही बोलत होते, एकमेकांचे मुद्दे खोडत होते. तेथे ‘शाब्दिक चकमक’ हा शब्द शोभतो. रामोस यांनी शिस्त मोडली असे ज्यांना वाटते त्यांनाही, आणि ट्रम्प यांनी प्रश्न दडपला असे ज्यांना वाटते त्यांनाही, या तीन टप्प्यांची तीन क्रियापदे मान्य करावी लागतील.

आता ‘धारेवर धरणे’. याचा अर्थ रागावणे एवढाच नाही. ज्याच्याकडून हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे त्याला उत्तर देणे टाळता येणार नाही अशा रीतीने प्रश्न विचारणे, हा त्यातला गाभा आहे. सभागृहात विरोधक मंत्र्याला धारेवर धरतात; मंत्र्याने विरोधकांना धारेवर धरले असे सहसा कोणी लिहीत नाही. हिशेब मागणारा आणि हिशेब देणारा हे नाते मराठीने एका शब्दकुळात फार सुरेख बांधून ठेवले आहे. अरबी ‘जवाब’पासून आपल्याकडे ‘जबाब’ आला, त्याचाच झिजून ‘जाब’ झाला, आणि जो जबाब देण्यास बांधलेला आहे तो ‘जबाबदार’. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात वाटाघाटींसाठी ‘जाबसाल’ हा शब्द येतो. त्यातही जाब आणि सवाल एकमेकांना बांधलेले आहेत. तमाशाच्या फडात सवाल आला की जवाब द्यावाच लागतो, आणि तो देता आला नाही तर फड हरतो. सवाल करणाऱ्याचे गाव विचारून तेथे सुटका होत नाही.

पत्रकार परिषदेत जाब विचारण्याचा हक्क कोणाकडे असतो, हे परिषद बोलावणारा कोण यावर ठरत नाही. ‘पत्रकार परिषद घेतली’ या रूढ प्रयोगामुळे उमेदवार यजमान आणि पत्रकार पाहुणे, असा एक समज नकळत तयार होतो; चहापाणी त्यांच्याकडून असते हेही खरे. पुण्यात नवी पेठेत गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात श्रमिक पत्रकार संघाचा ‘वार्तालाप’ होतो तेव्हा यजमानपद उलट बाजूला असते, पण प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे तेच राहतात. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राविषयीचा प्रश्न तर आगंतुक म्हणताच येणार नाही. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती मतदाराला मिळाली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले, आणि २०१८ मध्ये प्रलंबित गुन्ह्यांची माहिती अर्ज भरल्यानंतर किमान तीन वेळा प्रसिद्ध करावी असा आदेश दिला. जी माहिती मतदारासाठीच जाहीर केलेली आहे, तिच्यातील आकड्यांविषयी विचारणे हा जाब विचारणेच होय. म्हणून वाचकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या प्रसंगात धारेवर कोणी धरले असेलच तर ते त्या पत्रकार महिलेने. उमेदवार तिच्यावर ‘संतापले’, ‘चिडले’, त्यांनी तिच्यावर ‘आवाज चढवला’, हे लिहिता येते.

‘खडसावले’, ‘झापले’, ‘खडे बोल सुनावले’, ‘कानउघाडणी केली’ ही क्रियापदेही अशीच तपासून वापरावीत. बोलणारा वडीलधारा किंवा बरोबर आहे आणि ऐकणाऱ्याचे काही चुकले आहे, असा निवाडा त्यांच्यात आधीच दडलेला असतो. ‘उमेदवाराने पत्रकाराला खडसावले’ असे लिहिणारा बातमीदार स्वतःच्याच व्यवसायबंधूला दोषी ठरवून मोकळा होतो.

याचा अर्थ पत्रकाराकडून आगळीक होतच नाही असा नव्हे. प्रश्नाऐवजी आरोपाचे भाषण केले, उत्तर पूर्ण होऊ दिले नाही, तेच पुनःपुन्हा उगाळले, तर ‘हुज्जत घातली’ हा शब्द आहे आणि तो न संकोचता वापरावा. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीत येताना त्यातला पुरावा मागे राहिला आणि युक्तिवाद तेवढा उरला. शिवाय हुज्जत ‘घालतात’, म्हणजे कर्ता जागेवर राहतो.

परिषद अर्धवट सोडून जाण्याला मात्र माझ्या मते सर्वांत चपखल शब्द ‘त्रागा’ आहे, आणि तो बातम्यांत दुर्मीळ होत चालला आहे याची मला खंत वाटते. गुजरात-काठेवाडातील चारण आणि भाट एखाद्याकडून देणे वसूल करण्यासाठी किंवा दिलेल्या वचनाची पूर्ती करून घेण्यासाठी स्वतःच्या अंगावर जखमा करून घेत, प्रसंगी प्राणही देत, म्हणजे पाप समोरच्याच्या माथी बसावे. या प्रथेचे नाव त्रागा. आज मराठीत जीव देण्याचा भाग उरलेला नाही, पण ‘माझे नुकसान झाले तरी चालेल, ते तुमच्यामुळे झाले हे सर्वांना दिसू द्या’ ही त्यातली वृत्ती शाबूत आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर ७ नोव्हेंबर १९६२ रोजी रिचर्ड निक्सन पत्रकारांसमोर आले आणि त्यांच्या वार्तांकनाला बोल लावत, ही आपली शेवटची पत्रकार परिषद आहे, यापुढे लाथाडायला तुम्हाला निक्सन मिळणार नाही, अशा अर्थाचे बोलून गेले. त्याला खडाजंगी म्हणता येणार नाही, कारण समोरून कोणी भांडतच नव्हते. तो निखळ त्रागा होता. सहा वर्षांनी, १९६८ मध्ये, तेच निक्सन अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले.

‘हमरीतुमरी’विषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठीत वाद वाढल्याची खूण आवाजाआधी सर्वनामात दिसते. हिंदीतील ‘हम-तुम’वरून आलेला हा शब्द दोघेही ‘मी’ आणि ‘तू’वर घसरल्याचे सांगतो. एकच जण घसरला असेल तर ‘एकेरीवर आले’ हा नेमका प्रयोग उपलब्ध आहे. उमेदवाराने ‘अहो’ सोडून ‘अरे’ म्हटले, ‘तुम्ही’चे ‘तू’ केले, तर तो बातमीतला महत्त्वाचा तपशील आहे आणि तो नोंदवला पाहिजे. मात्र एकेरी उच्चार प्रत्यक्षात झाला नसेल, तर केवळ आवाज चढला म्हणून ‘एकेरीवर आले’ लिहू नये.

‘राडा’ येथे नकोच. त्याचा जुना अर्थ चिखल. महापालिकेच्या फलकांवरील ‘राडारोडा’त बांधकामाच्या ढिगाऱ्यासाठी तो अजून दिसतो, आणि मारामारीचा अर्थ बोलीतून नंतर रुळला. खुर्च्या उलथल्या, कोणी अंगावर गेले, तर राडा म्हणावे.

वाचकांनी पाठवलेला मथळा मी असा लिहीन: ‘मालमत्तेच्या प्रश्नावर उमेदवार संतापले, उत्तर न देता परिषदेतून निघून गेले’. तो दोन-तीन शब्दांनी लांबतो, पण त्यातील प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे.