'वॉटर मार्जिन'मधला लिन चोंग एवढा अन्याय मुकाट्याने सोसतो, तरी त्याला वीर का मानतात?

तुमचा प्रश्न रास्त आहे. या जुन्या चिनी कादंबरीतले लू झीशेन, वू सोंग हे बंडखोर अन्याय दिसला की तिथल्या तिथे हिशेब चुकता करतात आणि लिन चोंग मात्र कितीतरी पानं मान खाली घालून चालतो. माझ्या मते म्हणूनच १०८ बंडखोरांत तो सर्वांत खरा उतरला आहे. त्याला बंडखोर व्हायचंच नव्हतं.

सोंग राजवटीच्या राजधानीत, म्हणजे आजच्या काइफेंगमध्ये, तो शाही फौजेचा शस्त्रशिक्षक. चांगली नोकरी, घर, बायकोवर जीव. एक दिवस देवळाच्या आवारात कोणीतरी तिची वाट अडवतो. लिन चोंग धावत येऊन त्याचा खांदा धरतो, मूठ उगारतो, आणि चेहरा दिसताच हात ढिला पडतो. तो निघतो सेनाप्रमुख गाओ चिऊचा दत्तक मुलगा. मारामारीला तयार होऊन आलेल्या लू झीशेनला लिन चोंगच समजावतो की याच्या बापाचं मीठ खातो, या खेपेला सोडून दिलं. ज्याची चूल वरिष्ठाच्या मर्जीवर पेटते, त्याला त्या ढिल्या पडलेल्या हाताचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढे गाओ चिऊची माणसं तलवार दाखवायच्या निमित्ताने त्याला अशा दालनात बोलावतात, जिथे शस्त्र घेऊन जाणं हाच गुन्हा. शिक्षा म्हणून चेहऱ्यावर गोंदून त्सांगचौला हद्दपारी. आपल्यामागे बायको अडकून राहू नये म्हणून निघताना तो तिला सोडचिठ्ठी लिहून देतो. वाटेत सोबतचे शिपाई त्याचे पाय उकळत्या पाण्याने भाजतात, मग रानात जीव घ्यायला बघतात. लू झीशेन ऐन वेळी वाचवतो आणि त्या दोघांना संपवायला निघतो, तर लिन चोंग त्यालाच अडवतो, कारण ते हुकमाचे ताबेदार.

यानंतरची बर्फाची रात्र मी कितीही वेळा वाचू शकतो. लिन चोंगला फौजेच्या चाऱ्याच्या कोठारावर राखणीला नेमलेलं असतं. थंडी असह्य होते, म्हणून तो शेगडीतले निखारे नीट झाकून, फाटकाला कुलूप लावून दारू आणायला जातो. परत येतो तर राहायची खोपटी बर्फाच्या भाराने बसलेली. अशा वेळी तो पहिलं काय करतो? कोठाराला आग लागू नये म्हणून पडक्या भिंतीतून हात घालून निखारे विझलेत ना, हे चाचपतो. मग जवळच्या पर्वतदेवाच्या देवळात जाऊन, दाराला मोठा धोंडा लावून थंड दारू पितो. एवढ्यात कोठार पेटतं. विझवायला धावणार, तोच दाराबाहेर आवाज ऐकू येतात. त्यात एक लू चिएनचा, गाओला सामील झालेल्या त्याच्या जुन्या मित्राचा. आग आपणच लावली, लिन चोंग जळून मेला असेल, वाचला तरी कोठार जळाल्याबद्दल फाशी ठरलेली, अशी बोलणी चालू असतात. तो हळूच धोंडा सरकवतो. नंतरचा रक्तपात फार क्रूर आहे, तो मला गोड मानून घेता येत नाही. पण ज्याच्या बोटांनी नुकतेच निखारे चाचपले त्याच हातात आता भाला आहे, आणि त्याला इथवर कोणी आणलं हे लेखकाला एका शब्दानेही सांगावं लागत नाही.

तिथून तो ल्यांगशानला, बंडखोरांच्या डोंगरी तळावर जातो. तिथला नायक वांग लुन कोत्या मनाचा. पुढे त्याला लिन चोंगच मारतो. मग बायकोला आणायला माणसं पाठवतो, तेव्हा कळतं की गाओच्या घरच्या जाचाने तिने गळफास घेतला.

मला सर्वांत जास्त लागतो तो ८०वा अध्याय. गाओ चिऊ बंडखोरांच्या हाती सापडतो, पण तोवर बंडखोरांचा नायक झालेल्या सोंग च्यांगला दरबाराची माफी हवी असते, म्हणून त्याला मेजवानी देऊन सोडलं जातं. लिन चोंग डोळ्यांत अंगार घेऊन नुसता बघत राहतो. मूठ पुन्हा आवरावी लागते, या खेपेला आपल्याच नायकासाठी. नंतर दरबारासाठी लढून तो हांगचौमध्ये अर्धांगाने खिळतो आणि तिथेच संपतो.

वाचणार असाल तर १०० किंवा १२० अध्यायांची प्रत घ्या आणि ७ ते १२ हे अध्याय सलग वाचा. चिन शेंगथान याने १६४१ च्या सुमारास काटछाट केलेल्या ७० अध्यायांच्या प्रतीत, आणि तिच्यावरून पर्ल बक यांनी १९३३ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादात, गाओ चिऊच्या सुटकेचा हा भाग मुळी नाहीच.