हरलो, तरी आकडा घटला कसा?

प्रश्न : मुलाकडे सिअ‍ॅटलला आलो आणि साठीनंतर बेसबॉलचं वेड लागलं. सप्टेंबरात सगळे ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. काल आमचा सिअ‍ॅटलचा संघ, मरिनर्स, हरला, तरी तो सहाचा पाच झाला! मुलगा नुसता हसतो.

उत्तर : काका, हसू द्या त्याला, गणित सोपं आहे. पहिला क्रमांक पक्का व्हायला आपले विजय आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराभव मिळून अजून किती हवेत, तो हा मॅजिक नंबर. हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने. 163 मधून आपले विजय वजा करा, मग दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराभव. आपले विजय 88, त्यांचे पराभव 70, तर उरले पाच. म्हणजे आपण जिंकलो की एक कमी, ते हरले की एक कमी. काल तेही हरले असणार! म्हणूनच मी सप्टेंबरात आपल्यापेक्षा शत्रूचाच धावफलक जास्त बघते. वाईट सवय, पण सुटत नाही.

बरोबरी झाली तर पूर्वी जादा सामना व्हायचा. 2022 पासून तो बंद. आधी आपसातल्या लढतींत कोण वरचढ होतं ते बघतात. तिथे आपण वरचढ असलो, तर पाचाऐवजी चारच धरा.

मात्र आकडा शून्य होईपर्यंत पेढे आणू नका. 2011 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला बोस्टन रेड सॉक्स हा संघ टँपा बेच्या संघापेक्षा नऊ सामने पुढे होता. त्या महिन्यात ते 27 पैकी 20 हरले आणि शेवटच्या रात्री प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, शर्यतीतून बाहेर पडले. मरिनर्सवाले तर 2001 नंतर थेट 2022 मध्ये प्लेऑफला पोचले, त्यांच्या कॅल रॅलीच्या होमरनवर, म्हणजे थेट सीमेपार फटक्यावर. शेजारच्या एखाद्या जुन्या चाहत्याला त्या रात्रीबद्दल विचारा. चहा गार होईल, गोष्ट संपणार नाही.