नाव जुळलं म्हणून माणूस सापडला असं होत नाही

बायबलमधल्या व्यक्तींचे पुरावे तपासायला शिकताना सुरुवात बुलापासून करा. बुला म्हणजे गुंडाळलेल्या पपायरसला (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या काळच्या कागदाला) बांधलेल्या दोरीवर थापून शिक्का मारलेली मातीची गोळी, जेमतेम नखाएवढी.

आधी ती कुठे मिळाली ते बघा. यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक, नेरीयाचा मुलगा बारूख, याच्या नावाचा बुला १९७५ साली पुरावस्तूंच्या बाजारातून पुढे आला, खूप गाजला. आज अनेक तज्ज्ञ तो बनावट मानतात. उत्खननातला थर माहीत नसेल, तर त्यावर निष्कर्ष उभारू नका.

मग नाव, बापाचं नाव, हुद्दा आणि काळ जुळवा. नुसत्या नावाचे तर कितीतरी जण असत. जेरुसलेमच्या दावीदनगरात १९८२ मध्ये ‘शाफानाचा मुलगा गमऱ्याहू’ असा बुला मिळाला. थर इ.स.पू. ५८६ च्या जळिताचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं तेव्हाचा. पपायरस जळून गेले, माती मात्र भाजून टिकली, हे किती विलक्षण! बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथाच्या ३६व्या अध्यायातल्या गमऱ्याशी बाप आणि काळ जुळतो, पण बुलावर हुद्दा नाही. म्हणून ‘बहुधा तोच’ एवढंच म्हणावं. ‘आहाजाचा मुलगा हिज्कीया, यहूदाचा राजा’ या बुलावर मात्र सगळं आहे, आणि तो रीतसर उत्खननातला आहे.

तुटलेल्या कडेला विशेष जपा. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘यशयाहू’ (म्हणजे यशया) बुलावर नावापुढची हिब्रू अक्षरं न-व-य अशी आहेत. ‘नावी’, म्हणजे संदेष्टा, वाचायला शेवटी आलेफ हे हिब्रू अक्षर हवं, आणि नेमकी तिथेच माती फुटली आहे. तिथे चौकटी कंस घालून जागा रिकामी ठेवा.