क्लोजर (Clojure) भाषेत लूप: सुरुवातीला एवढंच पुरे

जावा-पायथनवरून आलात की हात आधी लूप-रिकरकडे (loop/recur, हाताने फिरवायचा लूप) जातो. ते सध्या बाजूला ठेवा. नवी यादी हवी? मॅप, फिल्टर. एकच आकडा हवा? रिड्यूस. नुसतं छापायचंय किंवा फायलीत लिहायचंय? डोसेक (doseq).

समजा, सांगली मार्केट यार्डात हळदीचे ३ लॉट आहेत. वजनं एका व्हेक्टरमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत), दर दुसऱ्यात. दोन्ही फॉरला दिलेत तर ३ ऐवजी ९ किमती येतील, कारण फॉर प्रत्येक वजनाला प्रत्येक दर लावतो. मॅपला गुणाकाराचं चिन्ह आणि दोन्ही व्हेक्टर द्या, जोड्या बरोबर लागतात. फक्त एक व्हेक्टर आखूड असला तर मॅप तिथेच गपचूप थांबतो, एरर वगैरे काही देत नाही. हे फार फसवं आहे.

हमखास होणाऱ्या चुका:

- मॅपच्या आत प्रिंट. मॅप आळशी आहे, उत्तर मागितल्याशिवाय काम करत नाही. रेपल (REPL, कोड टाकला की लगेच उत्तर दाखवणारा प्रॉम्प्ट) उत्तर दाखवायला ते मागतं, म्हणून तिथे छापलेलं दिसतं. प्रोग्राममध्ये उत्तर कुणी मागितलंच नाही तर काहीच छापलं जात नाही.
- डोसेकच्या आत कॉन्ज (conj, यादीत घटक जोडणारं फंक्शन). मूळ व्हेक्टर जसाच्या तसा राहतो, नवा वाया जातो, हाती येतो निल (nil, म्हणजे काहीच नाही).

ट्रान्सड्यूसरचं नंतर बघू. आधी हे ३ लॉट रेपलमध्ये चालवा. अडलं तर कोड इथे टाका.