वाचकांचे प्रश्न: नुसतं फास्ट पळून वाइड रिसीव्हर होता येतं का?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉल नुकताच बघायला लागलोय. वाइड रिसीव्हर म्हणजे जोरात पळायचं आणि लांबून आलेला बॉल पकडायचा एवढंच दिसतं, मग जो सगळ्यात फास्ट तोच सगळ्यात मोठा का होत नाही? जेरी राईसला सगळ्यात मोठा रिसीव्हर मानतात, पण तो तर फार फास्ट नव्हता म्हणतात.

उत्तर: बरोबर ऐकलंय तुम्ही. उलट उदाहरण आधी घ्या. दरवर्षी इंडियानापोलिसला कंबाइन होतं, कॉलेजमधून येणाऱ्या पोरांची चाचणी, तिथे 2017 मध्ये जॉन रॉस 40 यार्ड (एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी) 4.22 सेकंदात पळाला, तेव्हाचा रेकॉर्ड होता तो, आणि सिनसिनाटी बेंगल्स टीमनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, 9 व्या नंबरवर उचलला. पुढे दुखापती आल्या, जम बसला नाही आणि कॅच घेऊन हजार यार्ड मिळवल्याचा एकही सीझन त्याच्या नावावर लागला नाही.

आणि जेरी राईस? मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजमधला, 1985 ला 16 व्या नंबरवर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे गेला. 20 सीझन खेळला, 1,549 कॅच, 22,895 यार्ड. दुसऱ्या नंबरवर लॅरी फिट्झगेराल्ड आहे 17,492 यार्डवर, म्हणजे मधलं अंतरच पाच हजारांच्या वर, एवढ्या यार्डात एखाद्याचं अख्खं करिअर होतं!

फरक कुठे पडतो तर रूटमध्ये. प्रत्येक प्लेमध्ये रिसीव्हरचा रस्ता आधीच ठरलेला असतो, किती यार्ड सरळ जायचं, कुठे वळायचं, सगळं. आता आउट रूट घ्या, 12 यार्ड सरळ जाऊन बाजूच्या लाइनकडे वळायचं. समोरच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या खेळाडूला, शेवटपर्यंत वाटलं पाहिजे की हा सरळच सुटणार, म्हणून पहिल्या पावलापासून फुल स्पीड, छाती पुढे झुकलेली, हात चालू, आणि मग एकदम कंबर खाली घेऊन आतला पाय रोवायचा आणि बाहेर सुटायचं, आणि वळताना दोन पावलं जास्तीची पडली तर संपलं कारण क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्याने, बॉल कधीच सोडलेला असतो. हो, रिसीव्हर वळायच्या आधीच. तो माणसाकडे टाकत नाही, माणूस जिथे असणार त्या जागेवर टाकतो. म्हणून भरवसा लागतो. एकदा रिसीव्हर चुकीच्या जागी पोचला आणि बॉल विरोधी टीमच्या हातात गेला की पुढच्या वेळी क्वार्टरबॅक दुसऱ्याकडे बघतो.

राईस प्रॅक्टिसमध्ये कॅच घेतला की तिथे थांबायचा नाही, तसाच पळत एंड झोनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापर्यंत, जायचा. माझ्या मते त्याचे आकडे समजून घ्यायचे तर हीच गोष्ट धरून बसावी. 1987 मध्ये त्याने 12 मॅचमध्ये 22 टचडाउन कॅच घेतले, म्हणजे बॉल एंड झोनमध्ये नेऊन पॉइंट मिळवून देणारे.

प्रश्न: कॅच तर स्वच्छ घेतला होता, तरी पंचांनी दिला नाही. का?

उत्तर: पाय बघा! एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, बॉल ताब्यात असताना दोन्ही पाय लाइनच्या आत टेकावे लागतात, कॉलेजमध्ये एक पुरतो. क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरचा फील्डर दोरीला पाय लागू देत नाही तसंच, फक्त इथे आत पाय टेकवून दाखवायचे असतात. फेब्रुवारी 2009 ची सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, शोधून बघा, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध ॲरिझोना कार्डिनल्स. 35 सेकंद उरलेत, स्टीलर्स मागे, आणि त्यांचा रिसीव्हर सँटोनियो होम्स एंड झोनच्या उजव्या कोपऱ्यात, अंग पूर्ण बाहेर झुकलेलं, हात ताणलेले आणि दोन्ही पायांचे अंगठे मात्र गवतावर. 27-23 ने जिंकले. रिसीव्हर लोक याची वेगळी प्रॅक्टिस करतात, लाइनवर उभं राहून पाय ओढत कॅच घ्यायची.

प्रश्न: ड्राफ्टमध्ये नाव फार उशिरा आलं तर आशा सोडायची का? आणि पैसा खरंच एवढा असतो?

उत्तर: आशा अजिबात नका सोडू. ज्युलियन एडलमन केंट स्टेटमध्ये क्वार्टरबॅक होता, रिसीव्हर नव्हताच! 2009 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या राउंडला 232 व्या नंबरवर निवडला गेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे पंट रिटर्न केले, म्हणजे विरोधी टीमने लाथेने उडवलेला बॉल घेऊन पळाला, गरज पडली तेव्हा डिफेन्समध्येही खेळला, मिळेल ते काम करून 53 जणांच्या टीममध्ये जागा टिकवली, आणि पाचव्या सीझनला म्हणजे 2013 मध्ये 105 कॅच. 2019 च्या सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच.

पैशाचं म्हणाल तर रिसीव्हर जस्टिन जेफरसनने 2024 मध्ये मिनेसोटा वायकिंग्सबरोबर 4 वर्षांचा 14 कोटी डॉलरचा करार केला, पण त्यात खरा बघायचा आकडा 11 कोटी गॅरंटीड हा आहे. एनएफएलमध्ये कराराची सगळी रक्कम सहसा पक्की नसते, टीमने काढलं की उरलेली गेली. म्हणून एजंट लोक एकूण रकमेपेक्षा गॅरंटीवर भांडतात, आणि ते बरोबरच करतात कारण शरीर कधी दगा देईल सांगता येत नाही. केल्विन जॉन्सन या रिसीव्हरने 2012 मध्ये 1,964 यार्ड काढले, आजही एका सीझनचा रेकॉर्ड आहे तो, आणि 2015 चा सीझन खेळून तिशीतच थांबला, शरीर थकलं होतं. राईसचा गुडघा 1997 च्या पहिल्याच मॅचला गेला, डिसेंबरमध्ये परत आला आणि त्याच मॅचमध्ये टचडाउन घेताना गुडघ्याची वाटी फुटली. तरी 2002 मध्ये, वयाची चाळीस पूर्ण केली त्या सीझनला, ओकलँड रेडर्सकडून 92 कॅच आणि 1,211 यार्ड. मला विचाराल तर सुपर बोल जिंकल्यावर मिळणाऱ्या बोटातल्या अंगठ्यांपेक्षाही हा सीझन मोठा.