रुळांमधले तण कापण्याऐवजी त्यावर तणनाशक का फवारतात?

गवत माणसे लावून कापता येत असताना रुळांवर रसायन कशासाठी फवारायचे, असे आपण विचारले आहे. रुळांखालची खडी गाडीचा भार पसरवते आणि पावसाचे पाणी झटकन खाली सोडते. तिच्या फटींत धूळ आणि पालापाचोळा साचला की तण रुजते, त्याची मुळे तो गाळ धरून ठेवतात, मेलेल्या तणाची त्यात दरवर्षी भर पडते आणि शेवटी पाण्याचा निचराच थांबतो. अशा चिखलाने भरलेल्या खडीवर रुळांची पातळी टिकत नाही. वाळलेले गवत पेट घेते आणि वाढलेल्या झुडपांआड सिग्नल दिसेनासे होतात, हे वेगळेच.

कापणीने फक्त वरचा भाग जातो. लव्हाळ्यासारखे तण जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा फुटते, शिवाय कापणारी माणसे धावत्या गाड्यांच्या मार्गात तासन्‌तास उभी राहतात, आणि हा धोका फवारणीच्या विरोधकांनी सहसा हिशेबात धरलेला नसतो. १९७४ पासून बाजारात असलेले ग्लायफोसेट हे तणनाशक आंतरप्रवाही आहे. ते पानांतून शिरून मुळांपर्यंत उतरते आणि वनस्पतीला आवश्यक असलेली काही अमिनो आम्ले तयार होऊ देत नाही.

तरीही सरसकट फवारणीचे समर्थन मी करणार नाही, आणि त्याचे कारणही खडीतच आहे. ग्लायफोसेट चिकणमातीच्या कणांना इतके घट्ट चिकटते की ते गढूळ पाण्यात कालवले तर त्याचा जोरच निघून जातो. म्हणून टाकीत स्वच्छ पाणी भरावे लागते. शेतात हाच गुण त्याला वरच्या थरात अडवून धरतो, परंतु स्वच्छ खडीत त्याला धरून ठेवणारी माती जवळजवळ नसते आणि पाणी वेगाने खाली जावे अशीच तिची रचना असते. त्यामुळे रसायन भूजलात उतरण्याची भीती असते, आणि जमिनीत दीर्घकाळ टिकणाऱ्या उगवणपूर्व, म्हणजे तण उगवण्याआधीच फवारायच्या, तणनाशकांबाबत ती अधिक खरी आहे. भूजलात सापडू लागल्यामुळे ॲट्राझिन या अशाच तणनाशकावर जर्मनीने १९९१ मध्ये बंदी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, तर युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची परवानगी दहा वर्षांनी वाढवली. हा वाद मिटेपर्यंत मात्रा कमी करणे तरी आपल्या हातात आहे. काही फवारणी गाड्यांवरचे संवेदक हिरवे पान ओळखतात आणि तेवढ्याच जागेपुरते नॉझल उघडतात. माझ्या मते खर्च करायचा तर तो यावर करावा. एकच रसायन वर्षानुवर्षे वापरणेही टाळावे, कारण ग्लायफोसेटला दाद न देणारे रायगवत नावाचे तण ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच नोंदले गेले आहे. पूल, नाले आणि विहिरींजवळच्या पट्ट्यांत मात्र फवारणी न करता, गाड्या थांबवून, तण हातानेच काढावे.